मंदाकिनीबाईंची गाळणी

थेंब सुटायला एकोणीस सेकंद लागत होते.

काचेच्या नळीच्या टोकाशी आधी नुसती ओल चमकायची. मग तिला पोट यायचे, ते जड होऊन जरा लांबायचे, आणि आता सुटणार असे वाटल्यावरही थेंब क्षणभर लोंबकळत राहायचा. मंदाकिनी खांबेटेने स्टॉपवॉच हातात धरून दहा थेंब मोजले. एकशे नव्वद सेकंद. तिने वहीत लिहिले : थेंब १९ से., पाणी २०.० अंश, वेळ सकाळी ९.४०. मग बादलीतल्या बर्फाचे दोन तुकडे टबात सोडले. एप्रिलच्या उकाड्यात पाणी वीस अंशांवर ठेवायचे म्हणजे तासातासाला बर्फ घालावा लागे.

रविवार होता. बाळकुमच्या त्या कारखान्यात रविवारी फक्त दारावरचा पहारेकरी असे. प्रयोगशाळेतला मोठा पंखा बंद ठेवावा लागला होता, कारण त्याच्या वाऱ्याने थेंब हलत. त्यामुळे नळीतून पडणारा प्रत्येक थेंब ऐकू येत होता.

नळीत काचेचे बारीक मणी भरले होते, आणि प्रत्येक मण्यावर एका पांढऱ्या पावडरीचा पातळ थर चढवलेला होता. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावायची ती पावडर. कारखाना वीस वर्षे तीच बनवत होता, आणि पिंपांवर छापत होता, 'पाण्यात अविद्राव्य'. आता हॉलंडमधल्या एका गिऱ्हाइकाने कळवले होते की असे नुसते शब्द चालणार नाहीत. पाण्यात किती विरघळते तो आकडा हवा, आणि तोही नव्या पद्धतीने काढलेला. अगदी थोडे विरघळणारे पदार्थ पाण्यात घुसळले तर बारीक कण तरंगत राहतात, आणि विरघळलेले कोणते, तरंगणारे कोणते ते कळत नाही. त्यापेक्षा मण्यांवरून पाणी सावकाश सोडायचे. पाणी आपल्याला पेलेल तेवढेच घेऊन खाली उतरते. पंचवीस मिलिलिटरची एक बाटली भरायला अडीच तासांहून थोडे जास्त लागत. गुरुवारपासून उतरलेल्या पाण्यातल्या दहा बाटल्या तिने मोजल्या होत्या.

वहीत आकड्यांची उभी ओळ होती. ३.१, २.२, १.४. हे पहिले मोठे आकडे भेसळीचे, ती आधी निघून जाते. मग १.०, ०.९३. आणि मग ०.९१, ०.९२, ०.९०, ०.९१, ०.९१. लिटरभर पाण्यात एवढे मिलिग्रॅम. आकडे उतरत उतरत येऊन एका पठारावर चालू लागले होते.

कारखान्याच्या कागदांवर अकरा वर्षे जो आकडा होता तो होता ०.०४.

"बाय, एकलीच?"

दारात जनी उभी होती. बाळकुमच्या कोळीवाड्यातली ही बाई कंत्राटावर काचसामान धुवायला येई. पन्नाशीची, काटक, आणि आवाज असा की खाडीच्या पलीकडे हाक जावी.

"या जनीबाई. दहाच बाटल्या आहेत आज."

"रयवारी पन?"

"पाणी थांबवता येत नाही ना मध्येच."

"पानी थांबत नाय का तुमी थांबत नाय?" जनीने पदर खोचला आणि ती मोरीकडे वळली. "सात वेला, ना?"

"सात वेळा. शेवटच्या दोन डिस्टिल्ड वॉटरने."

"माझे नवऱ्याचा ताट पन मी कवा सात वेला धुतला नाय. म्हनून तर गेला आसंल लवकर."

मंदाकिनी गोंधळली. "त्याचा काय संबंध, जनीबाई?"

"मस्करी केली गो बाय! तुमाला मस्करी पन समजावून सांगायला लागते." जनी खळखळून हसली. मग बाटली उजेडात धरून म्हणाली, "ह्या पानी तर चोख दिसते. काय शोधता त्यान?"

"पावडर किती विरघळली ते."

"ती कुठं विरघळते? गद्रेसायेब बोललेले आमच्या लोकांना, टाकीन सगली खाली बसते, वरचा पानी चोख, तवाच खारीन सोरतात."

"हो. तसं म्हणतात."

जनीचा हात थांबला. "म्हनतात? तुमीच मोजलेला ना?"

मंदाकिनीने पुढचा थेंब मोजायला घेतला. जनीच पुढे सांगू लागली. राग नव्हता, भाव सांगावा तसे सांगत होती. "माझा सासरा, नामा, ओहोटीला चिखलान हात घालायचा तर पाटी भरून निवट्या यायच्या. आता नातवाला निवटी कशी असते ती तोंडानंच सांगावी लागते. उरते, डोले वटारते, आसा काय बाय."

खाडीकाठी वीस कारखाने होते, आणि वरून कल्याणपासूनचे साऱ्या जगाचे पाणी उतरत होते. निवट्या, चिखलातले ते मासे, कशाने गेल्या हे मंदाकिनीला ठाऊक नव्हते. त्याचा आकडा तिच्याकडे नव्हता, आणि आकडा नसताना ती बोलत नसे. पण दुसरा एक आकडा तिच्याकडे होता, आणि तो असूनही ती दोन वर्षे गप्प होती.

*

एम.एस्सी. झाल्यावर चौऱ्याहत्तर साली ती इथे लागली तेव्हा प्रयोगशाळेत दोनच माणसे होती. ती, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख हरिहर गद्रे. गद्रेसरांनी पहिल्या दिवशी तिला काचेची भांडी दाखवली नाहीत, वही दाखवली. जे दिसेल ते शाईने वहीत लिहायचे. सुट्या कागदावर काहीही लिहायचे नाही. चुकले तर खोडायचे नाही, एकच रेघ मारायची, म्हणजे चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. आणि रोजच्या पानाखाली दुसऱ्या माणसाने वाचून लिहायचे, 'पाहिले', आणि सही करायची.

तिचे पान गद्रेसर पाहत. एकोणीस वर्षे रोज संध्याकाळी सव्वापाचला ते चष्मा कपाळावर चढवून तिचे पान अक्षर न अक्षर वाचत आणि खाली 'पाहिले. ह. ग.' असे लिहीत. कधी म्हणत, "खांबेटेबाई, तुमचं अक्षर पाण्यात टाकलं तरी विरघळायचं नाही." एवढ्यावर तिची संध्याकाळ जाई. घरी आईशिवाय कोणी नव्हते. दोन-तीन स्थळे आली, गेली. त्यातल्या कोणी तिने लिहिलेले काही वाचायला मागितले नव्हते.

ब्याऐंशी साली ही पावडर किती विरघळते तो प्रश्न पहिल्यांदा आला. धुण्याचे पाणी खाडीत सोडायच्या परवानगीसाठी आकडा हवा होता. त्या वेळी चंबूत पाणी आणि पावडर हलवून वरचे पाणी तपासायची रीत होती, पण पाणी गढूळ राही आणि आकडे सैरावैरा धावत. मंदाकिनीने औषध कंपनीत वापरतात तो पातळ, बारीक छिद्रांचा पापुद्रा मागवला आणि त्यातून पाणी गाळले. पाणी आरशासारखे झाले. आकडे शहाण्यासारखे एका रांगेत उभे राहिले. ०.०४, ०.०४, ०.०४.

गद्रेसर इतके खूश झाले की त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातला लाडू तिच्या डब्याच्या झाकणात ठेवला. पद्धत लिहून काढली, तिला क्रमांक दिला, आणि पुढे कोणीही पाहुणा आला की ते तिला शेजारी उभी करून सांगत, "ही मंदाकिनीबाईंची गाळणी. आमच्याकडे हीच चालते." त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली ती फक्त त्या वाक्यात. एरवी ती खांबेटेबाई होती.

त्या आकड्यावर कारखान्याने दोन टाक्या बांधल्या. विरघळतच नाही म्हणजे सगळे तळाशी बसणार, वरचे पाणी सोडून द्यायला हरकत नाही. हिशोब सरळ होता.

आणि एक्क्याण्णवच्या जूनमध्ये, पापुद्र्यांची नवी पेटी यायला उशीर झाला आणि हाताला काम नव्हते म्हणून, तिने एकदा गाळलेले पाणी उरलेल्या एका पापुद्र्यातून नुसते पडताळा म्हणून पुन्हा गाळले. पाणी आधीच स्वच्छ होते, आकडा बदलायचे कारण नव्हते. तो निम्म्यावर आला.

मग तिने तो वापरलेला पापुद्रा उचलला, तेलकट पदार्थ ओढून घेणाऱ्या हेक्झेनमध्ये धुतला, आणि ते धुतलेले हेक्झेन मोजले. पाण्यातून जे हरवले होते ते सगळे तिथे होते. गाळणी तरंगणारे कण अडवत होती हे खरे, पण जी खरोखर विरघळली होती ती तेलकट पावडरही पाण्यात राहण्यापेक्षा पापुद्र्याला जाऊन चिकटत होती. गाळलेले पाणी स्वच्छ दिसत होते कारण गाळणी सगळे पिऊन टाकत होती.

तिने ते लिहिले, पण वहीत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा मेचा कागद फाडून त्याच्या पाठीवर. एकोणीस वर्षांतला तिचा एकच सुटा कागद. त्याच आठवड्यात आई पडली, मग दवाखाना, मग श्रावणात आई गेली. तिने स्वतःला सांगितले, जरा सगळे निवळू दे. निवळल्यावर सांगितले, एकदा पुन्हा करून बघू. मग एक पाहुणा आला, गद्रेसरांनी तिला शेजारी उभे केले, ते वाक्य म्हटले, आणि पाहुण्याने मान डोलावली. त्यानंतर तिने स्वतःला काहीच सांगितले नाही.

*

सोमवारी सकाळी गद्रेसर नळीसमोर स्टूल ओढून बसले. शुक्रवारी, तीस तारखेला ते निवृत्त होणार होते. केस पांढरेशुभ्र, शर्टाच्या खिशात दोन पेने, एक निळे आणि एक लाल. त्यांनी आकड्यांची ओळ वाचली.

"०.९१? हे काहीतरीच."

"पाच बाटल्या लागोपाठ तेवढ्याच आल्या, सर."

"मण्यांवरचे कण सुटून येत असतील पाण्याबरोबर. गाळून बघितलंत?"

"नाही."

"मग?" ते हसले. "स्वतःचीच गाळणी विसरलात की काय?"

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर सुधीर राजवाडे आत आला. चौतिशीचा, पायांत सतत घाई असलेला. उभ्याउभ्याच बोलला.

"काय मॅडम, कुठपर्यंत आलं? हॉलंडवाले डोकं खातायत. शनिवारी पेपर्स कुरिअर करायचेत."

"चालू आहे."

"टेन्शन नका घेऊ. पॉइंट वनच्या खाली दाखवला की 'प्रॅक्टिकली इन्सोल्युबल' लिहिता येतं, मॅटर क्लोज. आणि तुमचा फिल्टर आहेच ना वर्ल्ड फेमस."

"आधी वेग अर्धा करून बघते," मंदाकिनी म्हणाली. "कण येत असतील तर वेग बदलल्यावर आकडाही बदलेल. खरंच विरघळलं असेल तर नाही बदलणार."

"दोन-तीन दिवस जाणार त्यात!" सुधीर म्हणाला.

"जाऊ देत," गद्रेसर म्हणाले. "शास्त्र म्हणून बरोबर आहे त्यांचं. बघा, बाई, वेग बदलून. पण शेवटचा आकडा गाळूनच द्यायचा. पद्धत ठरलेली आहे." मग सुधीरकडे वळून, तेच नेहमीचे, "मंदाकिनीबाईंची गाळणी. ब्याऐंशीपासून चालतेय."

ती शेजारी उभी होती. नेहमीसारखीच.

तिने तोटी फिरवली. थेंब अडतीस सेकंदांवर आला.

*

मंगळवार गेला, बुधवार गेला. बाटली भरायला सव्वापाच तास. ०.९२. ०.९१. ०.९०.

बुधवारी संध्याकाळी ती कोपरीला घरी आली, कुकर लावला, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आई असताना या वेळी बातम्या लावलेल्या असत. आता शेजारच्यांच्या टीव्हीचे शब्द भिंतीतून नुसते गुणगुणल्यासारखे यायचे, अर्थाशिवाय. तिच्या लक्षात आले की सहा वाजता कंडक्टरला 'एक कोपरी' म्हटल्यानंतर तिने तोंड उघडलेले नाही. शनिवारी-रविवारी तर तेवढेही लागत नसे.

म्हणून तिने बोलून पाहिले. "सर, तो आकडा..." आवाज घोगरा निघाला. तिने घसा खाकरला. "सर, ब्याऐंशी सालचा तो आकडा..."

"मंदाताई?" शेजारची हेमा वाटी परत द्यायला दारात आली होती. तिने आत डोकावून पाहिले. "कुणी आलंय का?"

"नाही गं."

"मला वाटलं बोलताय कुणाशी."

"नाही. असंच."

हेमा जरा घुटमळली. "येताय का आमच्याकडे? पिठलं केलंय."

"आज नको. कुकर लावलाय."

हेमा गेली. कुकरची तिसरी शिट्टी झाली. एका माणसाचा वरणभात व्हायला किती वेळ लागतो हे मंदाकिनीला सेकंदांत ठाऊक होते. ताट वाढून घेताना तिच्या मनात आले की सांगितल्यावर काय होईल याचा हिशोब तिने शंभरदा केला आहे. परवानगीचे कागद पुन्हा उघडतील. टाक्या पुरणार नाहीत. पद्धत रद्द होईल. सरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या अकरा वर्षांच्या सह्या खोट्या ठरतील. हे सगळे तिला समजत होते, आणि तरी ती खरी अडचण नव्हती. खरी अडचण एवढीच होती की ते वाक्य पुन्हा कोणी म्हणणार नव्हते.

पण शुक्रवारनंतर ते कोणी म्हणणारच नव्हते. हे इतके साधे होते की तिला हसू आले. दोन वर्षे ती जे सांभाळत होती ते तसेही तीस तारखेला संध्याकाळी साडेपाचला शाल-श्रीफळ घेऊन घरी जाणार होते.

गुरुवारी तिने नळीतले पाणी घेतले, निम्मे तसेच मोजले आणि निम्मे गाळून मोजले. मग पापुद्रा धुऊन तोही मोजला. तीनदा केले. या वेळी सगळे वहीत लिहिले, शाईने. त्या दिवशी सव्वापाचला गद्रेसर हेड ऑफिसला गेलेले होते, त्यामुळे पानाखालची जागा कोरी राहिली.

*

शुक्रवारी दुपारी तीनला गद्रेसर टेबलावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. राहिलेल्या सगळ्या सह्या करून जायच्या असा त्यांचा नेम होता. कँटीनमध्ये निरोपसमारंभाची तयारी चालली होती. खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मोरीपाशी जनी बाटल्या धूत होती, आणि मधूनच, "सायेब, तुमी गेल्यावर आमाला वरडनार कोन?" असे विचारून घेत होती.

"तुला ओरडायला खांबेटेबाई आहेत."

"त्या? त्या तर बाटलीशी पन हलू बोलतात."

मंदाकिनीने आपली वही त्यांच्यापुढे ठेवली, गुरुवारच्या पानावर उघडून.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना जवळचे चष्म्याशिवायच दिसे. बोट ठेवून ते एकेक ओळ खाली उतरत गेले. न गाळलेले पाणी, ०.९१. गाळलेले, ०.०४. पापुद्रा धुऊन मिळालेले, तेवढ्याच पाण्याच्या हिशोबाने, ०.८६. त्यांचे बोट तिथे थांबले. मग त्यांनी ओठ हलवत बेरीज केली. पुन्हा वरून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी त्यांना जास्त वेळ लागला.

"गाळणी धरून ठेवतेय," ते म्हणाले.

"हो."

"वेग अर्धा केल्यावर?"

"आधीचं पान. तेवढाच."

त्यांनी पान उलटून पाहिले. "हे काल केलंत?"

"हो."

"पहिल्यांदाच?"

गद्रेसरांनी एकोणीस वर्षे तिचे लिहिणे वाचले होते. पहिल्यांदा केलेला प्रयोग आणि आधी करून पाहिलेला प्रयोग यांतला फरक त्यांना अक्षरावरून कळत असला पाहिजे.

"नाही," ती म्हणाली. "एक्क्याण्णवच्या जूनमध्ये केला होता."

"कुठल्या वहीत आहे?"

"वहीत नाही. सुट्या कागदावर."

"सुट्या कागदावर." त्यांनी तिच्याकडे पाहिले. "तुम्ही?"

मोरीतले पाणी बंद झाले. जनी हात पुसत तशीच उभी राहिली.

"दोन वर्षं," गद्रेसर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "ह्या सोमवारीसुद्धा मी त्या सुधीरला सांगत होतो."

"हो, सर."

"शेजारी उभ्या होतात तुम्ही."

"हो."

"का नाही सांगितलंत? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

आई आजारी होती, असे म्हणता आले असते. ते खोटेही नव्हते.

"तुम्ही ते म्हणायचात ना, सर," ती म्हणाली, "तेव्हा बरं वाटायचं."

गद्रेसरांनी चष्मा कपाळावरून काढला, रुमालाने पुसला, आणि न लावता हातातच ठेवला. खिडकीतून त्या दोन टाक्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे खाडीकाठच्या कांदळवनाची हिरवी रेघ. टाकीच्या तोंडातून पाणी पडत होते. स्वच्छ दिसत होते.

"मी बांधून घेतल्या त्या," ते म्हणाले. "खाली बसणारं बसतं त्यात. विरघळलेलं कसं बसेल?"

हा प्रश्न तिला नव्हता.

त्यांनी निळे पेन उघडले. गुरुवारच्या पानाखाली नेहमीच्या जागी लिहिले, 'पाहिले. ह. ग. ३०.४.९३.' टोपण लावले. "पाहिलं मी. माझं काम एवढंच उरलंय आता. साडेपाचला मी इथला कुणी नाही." वही त्यांनी तिच्याकडे सरकवली, पण हात वहीवरच राहू दिला. "याचं पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. मला सांगायचा अधिकार आहे असं मला वाटत नाही. सह्या माझ्या आहेत सगळ्या."

टेबलावरचा फोन वाजला.

गद्रेसरांनी उचलला. "हं, सुधीर... हो, झालंय... वाचली मी वही." ते ऐकत राहिले. "आकडा ना?"

त्यांनी पानाकडे पाहिले. दोन्ही आकडे तिथे होते, एकाखाली एक, तिच्याच अक्षरात. त्यांतला कुठलाही वाचला असता तरी पानावर नसलेले काही ते बोलले नसते. मग त्यांनी रिसीव्हर कानापासून काढला आणि टेबलावरून तिच्यापुढे धरला.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यात राग होता, की एवढा एक मान तिला द्यावा असे त्यांना वाटले होते, हे तिला कळले नाही. पुढेही कधी कळले नाही.

तिने रिसीव्हर घेतला.

"मॅडम?" सुधीरच्या मागे टाइपरायटरचा आवाज येत होता. "पॉइंट झिरो फोर ना? टायपिस्ट बसलाय समोर. तुम्ही फक्त हो म्हणा, मी टाकून देतो, मग सगळे कँटीनमध्येच भेटू."

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

तिला वाटले होते, आवाज परवासारखाच घोगरा निघेल. तसा निघाला नाही.

"लिहून घ्या, राजवाडे. शून्य पॉइंट नऊ एक. न गाळता. आणि ब्याऐंशीपासून मी या पावडरीचा जो आकडा देत आले तो चुकीचा आहे. गाळणीची चूक आहे, आणि गाळणी माझी आहे. दोन वर्षं मला ते माहीत होतं. परवानगीच्या कागदांवरचासुद्धा, सगळीकडचा, तो आकडा मी मागे घेते आहे."